नोकरीचा ताण आणि नव्या वाटेचा हिशेब

आरोग्याच्या पानावर नोकरीविषयी कशाला लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण गेल्या काही वर्षांत वस्त्यांमध्ये आणि विहारांमध्ये तपासणी करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. तिशी-पस्तिशीतल्या तरुणाचा रक्तदाब १५०/१०० येतो. मीठ किती खाता, तंबाखू खाता का, घरात कोणाला बीपी आहे का, हे आम्ही विचारतो. मग ड्युटी किती तासांची, असे विचारले की खरे बोलणे सुरू होते. बारा तास सिक्युरिटी गार्ड. कंत्राट दर अकरा महिन्यांनी. पगार कधी दहा तारखेला, कधी पंचवीसला. सुपरवायझर सगळ्यांसमोर शिव्या देतो. शेवटी एकच प्रश्न येतो, "सिस्टर, ही नोकरी सोडू का?"

या प्रश्नाला गोळी नाही. पण उत्तर शोधण्याची पद्धत आहे, आणि तिची सुरुवात शरीरापासून होते.

ताण म्हणजे नुसता मनाचा खेळ नव्हे. धोका दिसला की शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. ॲड्रेनालिन वाढते, हृदय जोरात धडधडते, रक्तात साखर सोडली जाते, पचन मंदावते. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक ही तयारी टिकवून धरते. समोर कुत्रा धावून आला तर ही व्यवस्था जीव वाचवते आणि दहा मिनिटांत सगळे शांत होते. पण धोका म्हणजे कंत्राट संपण्याची तारीख असेल, तर तो दहा मिनिटांत जात नाही. शरीर महिनोन्‌महिने तयारीतच राहते. मग झोप तुटते, रक्तदाब चढाच राहतो, साखर आटोक्यात येत नाही, मान आणि खांदे आखडतात, बायकांची पाळी मागे-पुढे होते. सुट्टीच्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. याला 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला देणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला 'लंगडू नका' म्हणण्यासारखे आहे.

कामाचे तास किती यालाही वैद्यकीय अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाचा रक्तपुरवठा अडून मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आमच्या बारा तासांच्या गार्डचे सहा दिवसांचे तास ७२ होतात. सुट्टी मिळाली नाही तर ८४.

हे आकडे वाचताना बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली, ती १९४६ साली कायद्यात आली. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी अडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. आठ तास हा आरोग्याचा प्रश्न आहे हे त्यांना तेव्हाच कळले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवून कारखान्यातील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कागदावर आठवड्याचा हिशेब जुळतो. पण अकराव्या तासाला यंत्रावर उभ्या असलेल्या बाईच्या पायांना आठवड्याचा हिशेब कळत नाही.

अधिकार कमी, काम जास्त

मोठ्या साहेबाला जास्त टेन्शन असते, असा एक समज आहे. लंडनमध्ये सरकारी नोकरांचा १९६७ पासून एक मोठा अभ्यास झाला, तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यात उलटेच दिसले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-पहारेकऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. विडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब हे सगळे हिशेबात धरूनही फरक पूर्ण भरून निघत नव्हता. पुढच्या संशोधनात एक कारण पुढे आले ते असे की काम भरपूर असणे हे एकटे तितके घातक नाही. काम भरपूर, आणि ते कसे करायचे, कधी थांबायचे, यावर आपला काहीच ताबा नाही, ही जोडी घातक आहे. त्यात केलेल्या कामाची कदर नाही, पगार नाही, बढती नाही, हे मिळवले की माणूस आतून पोखरला जातो.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक थर असतो, आणि तो कोणत्याही फॉर्मवर लिहिलेला नसतो. आडनाव विचारणे. 'कोट्यातून आलेला' ही कुजबूज. चुकीची ड्युटी मुद्दाम लावणे. वॉर्डात साफसफाईचे काम आले की बघून बघून ठरावीक मुलीला हाक मारणे. आमच्यातल्या काही जणींनी खासगी रुग्णालयांत हे भोगले आहे. सतत सावध राहणे, बोलण्यापूर्वी दहादा विचार करणे, डब्यात काय आणले हे लपवणे, हाही ताणच आहे आणि तोही रक्तदाब वाढवतो. त्याला 'तू फार मनाला लावून घेतेस' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

आणखी एक ताण आम्ही परिचारिका म्हणून जवळून पाहिला आहे. न वापरलेले हातमोजे बिलात लावा, डिपॉझिट भरल्याशिवाय पेशंटला वर घेऊ नका, असे वरून सांगितले जाते आणि सांगणारी व्यक्ती पेशंटसमोर कधी येत नाही. नातेवाइकांच्या डोळ्यांत बघायची वेळ आपल्यावर येते. मनाला न पटणारे काम रोज हाताने करावे लागले की माणूस थकतो, ते थकणे आठवड्याच्या सुट्टीने जात नाही. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गातला भाग आपण वंदनेच्या वेळी ऐकतो, पण तो आरोग्याचाही विषय आहे हे फारसे कोणी बोलत नाही. शस्त्रे, प्राणी व माणसांचा व्यापार, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे भगवंतांनी सांगितले. आजच्या काळात ही यादी शब्दशः लावायची की तिचा अर्थ घ्यायचा, यावर विहारात जरूर चर्चा व्हावी. बिअर बारमध्ये हिशेबनीस असलेल्या भावाला वाळीत टाकून मात्र काहीच साधत नाही. त्याला दुसरे काम मिळवून देता आले तर ते धम्मकार्य.

आधी तपासणी, मग राजीनामा

थकवा आला की लगेच नोकरीवर खापर फोडू नये. विशेषतः बायकांनी. आमच्याकडे 'कामाचा कंटाळा आलाय, चिडचिड होते, जिना चढवत नाही' म्हणून आलेल्या कित्येक जणींचे हिमोग्लोबिन आठ-नऊ निघते. कोणाचे थायरॉईड बिघडलेले असते, कोणाची साखर वाढलेली असते. बाई म्हणाली थकले, की 'टेन्शन' असे लिहून मोकळे होणारे डॉक्टरही आहेत. म्हणून हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉईड आणि रक्तदाब एवढे तरी तपासून घ्या. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. एकदा वाढलेला आला म्हणून घाबरू नका, पण वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत असेल तर औषधाचा निर्णय डॉक्टरांकडून घ्या. नोकरी बदलली की बीपी जाईल म्हणून गोळी बंद करणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर ते टेन्शन आहे की ॲसिडिटी, हे घरी बसून ठरवायचे नाही. १०८ ला फोन करायचा.

तपासण्या ठीक आल्या तरी त्रास आहे, तर मग कामाकडे बघायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला न गेल्याचा परिणाम आहे, असे तिथे म्हटले आहे. त्याच्या तीन खुणा आहेत. शक्ती संपून जाणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि पूर्वी जमणारे काम आता नीट न जमणे. पेशंट मेला काय, जगला काय, मला काय, असे एखाद्या चांगल्या नर्सच्या मनात येऊ लागले तर ती दुष्ट झालेली नसते, ती रिकामी झालेली असते.

नैराश्य मात्र वेगळे. बर्नआउटमध्ये मुख्य धागा कामाचा असतो. चार दिवस गावी गेले, पोरांत रमले, की बरे वाटते. नैराश्यात कशातच रस राहत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, भूक-झोप बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, तर त्यावर उपचार आहेत आणि ते लागतात. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे, तो रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

दारूविषयी दोनच वाक्ये. झोप लागावी म्हणून घेतलेली दारू पहिले दोन-तीन तास झोपवते आणि नंतरची झोप तोडते, त्यामुळे सकाळी माणूस जास्तच थकलेला उठतो. पाचवे शील पाळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. न पाळणाऱ्याने निदान शरीराचा हिशेब समजून घ्यावा.

त्रास कशाचा?

आता मूळ प्रश्न. सोडायचे का? आमचा अनुभव असा की 'नोकरी नको झाली' या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी मिसळलेली असतात. कधी काम नकोसे झालेले असते, कधी जागा, तर कधी अटी. एखाद्या स्टाफ नर्सला पेशंटची सेवा आवडते, पण तिला अतिदक्षता विभागातली रोजची धावपळ झेपत नाही. तिने नर्सिंग सोडायची गरज नाही. शाळा-आरोग्य, डायलिसिस, रक्तपेढी, सार्वजनिक आरोग्य, शिकवणे अशी दारे तिच्यासाठी उघडी आहेत. जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिक बीएस्सी करून अध्यापनाकडे वळता येते. दुसऱ्या एखाद्याला काम आणि पगार दोन्ही मान्य असतात, पण एक वरिष्ठ छळतो. त्याने क्षेत्र बदलण्याआधी विभाग बदलून बघावा, तक्रार करून बघावी. तिसऱ्याची अडचण फक्त तास आणि कंत्राट ही असते. तिथे एकट्याने राजीनामा दिला तर उद्या त्या खुर्चीत दुसरा बसेल आणि तोही आजारी पडेल. तिथे युनियन लागते. वैयक्तिक आरोग्याचा हा सामुदायिक भाग आपण हल्ली विसरत चाललो आहोत. योगासनांचे वर्ग आणि 'सकारात्मक विचार करा'ची व्याख्याने कंपन्या हौसेने ठेवतात, कारण त्यात त्यांचे काही जात नाही.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले खाणे वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कंत्राटदाराच्या टेबलावर ठेवली तर तिच्यातले किती टिकते, ते आपणच बघावे.

काही ठिकाणी मात्र थांबून विचार करत बसू नये. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय उतरवत असतील तर नकार द्या. २०१३ च्या कायद्याने ते बेकायदा आहे आणि आतला वायू दुसरी संधी देत नाही. लैंगिक छळ होत असेल तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, नसल्यास जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. जातीवरून सर्वांसमोर अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तारीख, वेळ, साक्षीदार, मेसेज हे सगळे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. राजीनामा देऊन बाहेर पडल्यावर पुरावा गोळा करणे फार अवघड जाते.

बाहेर पडण्याचा हिशेब

बाजार मंद आहे हे सगळ्यांना दिसते. एका जागेला शेकडो अर्ज येतात. म्हणून रागाच्या भरात सकाळी राजीनामा टाकू नये, हे आम्ही सर्वांना सांगतो. आधी एक वही घ्या. महिन्याला घर चालायला किमान किती लागतात ते लिहा. भाडे, किराणा, मुलांची फी, आई-वडिलांची औषधे, बचत गटाचा हप्ता, गाडीचा हप्ता. आईची बीपीची गोळी ही काटकसरीची जागा नव्हे, ती यादीत सगळ्यात वर. मग बघा, पगार थांबला तर शिल्लक किती महिने पुरते. तीन महिन्यांचीही सोय नसेल तर नवे शिक्षण नोकरीत राहूनच सुरू करावे लागेल, मग त्याला वर्ष जास्त लागले तरी चालेल. वर सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक स्वतःच्या निर्वाहासाठी, दोन व्यवसायात, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी बाजूला. दहा-बारा हजारांत चौथा भाग निघत नाही, हे आम्हालाही कळते. पण लग्नात आणि घरभरणीत व्याजाने पैसे काढून जेवणावळी घालणाऱ्यांना हा चौथा भाग विचारायला हरकत नाही.

कागदांचे काम राजीनाम्याआधी करा. ईएसआय महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणाच्या रजेत वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळू शकतात, हे पैसे कापले जाणाऱ्या कित्येकांना माहीतच नसते. खूप थकलेल्या माणसाला राजीनाम्याऐवजी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तीन आठवड्यांची रजा मिळाली, तर निर्णय शांत डोक्याने होतो. नोकरी सुटली की ईएसआयचे उपचार त्याच दिवशी बंद होतीलच असे नाही, ते आधी भरलेल्या वर्गणीच्या काळावर ठरते. शाखा कार्यालयात जाऊन विचारा. राहिलेल्या तपासण्या, चष्मा, मोतीबिंदू, बाळंतपणाची नोंद, हे सगळे ईएसआय असतानाच उरका. कंत्राटदार पैसे कापतो पण भरतो का, हेही तपासा. पीएफचे पैसे नोकरी बदलताना काढून खाऊ नका, नव्या खात्यात वर्ग करा. कायम नोकरीत पाच वर्षे सलग भरत आली असतील तर दोन महिने कळ काढा. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी असते, ती रक्कम एखाद्या कोर्सची फी भरेल.

नवे शिकताना फसू नका

आमच्या क्षेत्राविषयी आम्ही खात्रीने बोलू शकतो. 'सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी' असे फलक तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडजवळ दिसतात. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जीएनएम तीन वर्षांचा, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली तरच ती नर्स. सहा महिन्यांचे अभ्यासक्रम रुग्ण-सहायकाचे असतात. ते काम चांगले आहे, मानाचे आहे, घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना शहरात मागणीही आहे. पण ते सांगून शिकवावे, नर्सचे नाव लावून पन्नास-साठ हजार उकळू नयेत. फी भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेकडे तपासा आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

परदेशी जाण्याचेही तसेच. आखाती देशांत आणि जर्मनीत परिचारिका लागतात हे खरे. पण जर्मनीसाठी आधी भाषा शिकावी लागते आणि पदविकेला तिथली मान्यता मिळवावी लागते, याला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असला पाहिजे आणि नियमाने तो उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. दोन-तीन लाख मागणाऱ्याला तिथूनच जयभीम करावा.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त पाच टक्के घालावे लागतात, आणि शहरात २५ तर ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान असते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि पुण्याची बार्टी यांच्याही योजना आहेत. जे धम्मस्वीकारानंतर बौद्ध अशी नोंद लावतात, त्यांनी जातीच्या दाखल्याची कागदपत्रे आधी नीट करून घ्यावीत, अर्ज बहुधा तिथेच अडतात. आणि कर्ज काढण्याआधी त्याच धंद्यात दोन महिने दुसऱ्याकडे काम करून बघा. केटरिंग करणाऱ्या एका भगिनीने हाच सल्ला सगळ्या गटाला दिला होता. पहाटे चारला उठणे आपल्याला झेपते का, हे बँक विचारत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांविषयी लिहिताना हात जड होतो. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये पाच-सात वर्षे काढलेली आपली मुले-मुली आम्हाला भेटतात. पाठदुखी, पित्त, केस गळणे, रात्री जाग येणे. अधिकारी व्हायचे स्वप्न चुकीचे नाही, सत्तेच्या जागा आपल्याला हव्याच आहेत. पण जागा शेकड्यात आणि अर्ज लाखांत, हे गणित घरच्यांनीही समजून घ्यावे. पहिल्या वर्षीच शेवटची तारीख ठरवून ठेवा, आणि मुक्त विद्यापीठाची पदवी असो की आयटीआयचा ट्रेड, एखादे कौशल्य सोबत चालू ठेवा. 'लोक काय म्हणतील' म्हणून गावी न जाणाऱ्या मुलाला घरून फोन जायला हवा, की निकाल काहीही लागो, तू ये.

धंदा बदलणे आपल्याला नवे नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि माणसाला व्यवसाय बदलू न देणारी ही व्यवस्था बेकारीचेही कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागे आणि त्याला इतरांची हरकत होती. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, हे आपल्या आजी-आजोबांनी उत्पन्न बुडवून सोडले. त्यांच्याकडे ना ईएसआय होता ना पीएफ. वस्तीच्या वस्तीने एकदम सोडले, म्हणून जमले.

तेव्हा वस्तीत कोणाची नोकरी गेली किंवा कोणी सोडली असे कळले, तर 'आता काय करतोस?' हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवावा. तो त्याला दिवसातून वीसदा ऐकावा लागतो. त्याऐवजी घरातली औषधे संपली का ते विचारा. मुलांची फी कधी भरायची आहे ते विचारा. पुरुष माणूस घरी बसला की त्याच्या बायकोवर दोन घरची जास्त धुणीभांडी येतात, तिचा रक्तदाबही मोजून घ्या. आणि आपल्या कंपनीत, दवाखान्यात, कार्यालयात जागा निघाली तर विहाराच्या फळ्यावर खडूने लिहा, पगार आणि तासांसकट.